नथ, बेदाणा, शिवराई: जवळून फोटो काढायचं सामान कोणत्या क्रमाने घ्यावं

सांगलीत माझ्याकडे महिन्याला दोघं-तिघं तरी नवाकोरा कॅमेरा घेऊन येतात. कुणी सराफ, कुणी बेदाण्याचा व्यापारी, कुणी घरून हळद-मसाले विकणाऱ्या वहिनी. तक्रार एकच असते: "एवढे पैसे घातले, तरी फोटो मोबाइलसारखाच येतोय." कॅमेरा हातात घेऊन बघतो तर उत्तम असतो. मग मी त्यांच्या दुकानात जातो. छताला एक ट्यूबलाइट, वर पंखा गरगरतोय, टेबलाचा एक पाय लटपटतोय आणि कॅमेरा हातात धरलेला. खरेदीच उलटी झालेली असते. आधी बॉडी, उरलेल्या पैशात लेन्स, आणि प्रकाशासाठी खिसा रिकामा.

मी हे काम ज्या क्रमाने करायला सांगतो तो असा: मोजमाप, जागा, आधार, प्रकाश, लेन्स आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. मधली एखादी पायरी सोडली की पुढे घेतलेली वस्तू हमखास चुकीची निघते. माझी स्वतःची एक लेन्स अशीच चुकली, ते पुढे येईलच.

## १. आधी मोजपट्टी

ज्या वस्तूचे फोटो काढायचेत त्या सगळ्या टेबलावर मांडा आणि मिलिमीटरमध्ये मोजा. बेदाणा लांबीला साधारण १५ ते २० मिमी भरतो. दहा रुपयांचं नाणं २७ मिमी. नथ तीस-चाळीसच्या आसपास, हळकुंड त्याहून लांब. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी वस्तू कोणती ते वहीत लिहा.

वस्तूभोवती थोडी मोकळी जागा लागते, म्हणून मापाच्या सव्वापट चौकट धरा. आता कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या (आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) रुंदीला या चौकटीच्या रुंदीने भागा. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, एपीएस-सी साधारण २३.५ (कॅननचा २२.३), मायक्रो फोर थर्ड्स १७.३. भागून येणारा आकडा म्हणजे तुम्हाला लागणारं मॅग्निफिकेशन.

नथ ३६ मिमीची असेल तर चौकट झाली ४५ मिमी. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २३.५ भागिले ४५, म्हणजे ०.५२. वस्तूच्या निम्म्या मापाची प्रतिमा सेन्सरवर पडली की काम झालं. मूठभर बेदाणे १२ सेंमी चौकटीत दाखवायचे असतील तर आकडा ०.२ च्या आत येतो, आणि तेवढं तर कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ लेन्ससुद्धा करते. एकच बेदाणा, त्याच्या सुरकुत्या आणि देठाच्या टोकासकट चौकट भरून हवा असेल तेव्हाच १:१ ची, म्हणजे वस्तूएवढीच प्रतिमा सेन्सरवर पडण्याची, गरज पडते.

नेहमीची चूक: "मॅक्रो (अगदी जवळून काढलेला फोटो) म्हणजे १:१ च पाहिजे" असं धरून चालणं. विक्रीसाठी काढलेल्या दागिन्यांच्या बहुतेक फोटोंना अर्ध्या मॅग्निफिकेशनच्या पुढे जावंच लागत नाही.

तपासा: वहीत प्रत्येक वस्तूपुढे आकडा लिहिला का? नसेल तर दुकानात जाऊ नका. दुकानदार त्याच्याकडे जे पडून आहे तेच गळ्यात मारेल.

## २. फोटो जाणार कुठे

हे चटकन आटपतं. व्हॉट्सॲपवर किंवा विक्रीच्या ॲपवर टाकायचा फोटो दोन हजार पिक्सेल रुंद असला तरी पुरून उरतो. छापील कॅटलॉगमध्ये ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १० सेंमी रुंद फोटोला जेमतेम १,२०० पिक्सेल लागतात. म्हणजे दहा वर्षं जुना १६ मेगापिक्सेलचा कॅमेराही चालतो. मेगापिक्सेलचा विषय इथेच बंद करा.

## ३. जागा आणि आधार

खोलीचा असा कोपरा निवडा जिथे खिडकी पूर्ण झाकता येते. भिंत रंगीत असेल तर मागे आणि बाजूला पांढरा किंवा करडा कागद लावा. सोन्याला आजूबाजूचा रंग लगेच चिकटतो. पोपटी भिंतीच्या खोलीत काढलेली ठुशी पोपटी झाक घेऊनच येते, आणि मग माणूस बसतो सॉफ्टवेअरमध्ये झगडत.

टेबल जड हवं. माझं टेबल रस्त्याकडच्या खोलीत होतं तेव्हा खालून एसटी गेली की मोठा करून बघितलेल्या फोटोत मोत्याची कड दुहेरी दिसायची. टेबल मागच्या खोलीत, भिंतीच्या कोपऱ्यात नेलं आणि अर्धी अडचण संपली.

ट्रायपॉड घेताना उंचीकडे बघू नका. खाली वाकणारा, मधला दांडा आडवा होणारा आणि डोकं न घसरणारा बघा. दुकानातच त्यावर कॅमेरा लावा, स्क्रू आवळा, हात सोडा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावरच्या चित्रात) दहापट मोठं करून बघा. चित्र हळूहळू खाली सरकत असेल तर तो ट्रायपॉड परत द्या. घरी आल्यावर मधल्या दांड्याच्या हुकाला पाच किलो शाळूची पिशवी लटकवा. वाळूसारखी सांडून घर खराब करत नाही, आणि काम संपलं की दळायला देता येते. पिशवी जमिनीला जेमतेम टेकू द्या, हवेत झोके घेऊ देऊ नका.

नाणी, पेंडंट अशा चपट्या वस्तू वरून काढायच्या असतील तर कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा खांब) उत्तम. कॅमेरा नाण्याला अगदी समांतर आहे का हे पाहायला एक लहान सपाट आरसा नाण्याच्या जागी ठेवा. व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसायला हवं. बाजूला सरकलेलं दिसलं तर कॅमेरा तिरका आहे. स्पिरिट लेव्हलपेक्षा हा उपाय जास्त खरा, कारण टेबलच तिरकं असलं तरी तो फसत नाही.

सावधान: फोटो काढताना पंखा बंद. दोऱ्याला टांगलेली नथ तुमच्या डोळ्याला स्थिर वाटते. कॅमेऱ्याला ती झुलतानाच दिसते.

## ४. प्रकाश: अर्धे पैसे इथे घाला

एकूण शंभर रुपये असतील तर मी चाळीस-पन्नास प्रकाशावर आणि तो मऊ करायच्या सामानावर घालायला सांगतो. ऐकणारे दहात दोन.

### ४अ. दिवा निवडणं

दोन एकसारखे एलईडी दिवे घ्या. डब्यावर सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त आणि रंगतापमान ५,००० ते ५,६०० केल्विन लिहिलेलं असावं. दोन्ही दिवे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. एक पॅनेल आणि एक घरातला बल्ब अशी जोडी कधीच जुळत नाही.

दिवा लुकलुकतो का ते दुकानातच बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ लावून दिव्याकडे धरा. प्रकाश धडधडताना दिसला तर तो दिवा कामाचा नाही. आधीच घेऊन बसला असाल तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर, नाहीतर त्याहून बराच सावकाश ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, आडवे पट्टे येतात.

फ्लॅश घ्यावा की एलईडी? स्थिर वस्तू, ट्रायपॉड आणि शिकाऊ हात असेल तर एलईडी. प्रकाश कुठे पडतोय ते डोळ्याने दिसतं. हलणारी वस्तू असेल, किडा किंवा वाऱ्यावरचं फूल, तर फ्लॅशला पर्याय नाही. तिथेही तो कॅमेऱ्यावर उघडा लावू नका. कॅमेऱ्यापासून सोडवून, मध्ये पांढरा पडदा धरून वापरा.

सावधान: दोन प्रकारचा प्रकाश एकत्र करू नका. एकदा मी बेदाण्याचे नमुने दुपारी साडेचारला काढले, डोक्यावर ट्यूबलाइट चालू आणि खिडकी अर्धी उघडी. स्क्रीनवर मला सगळं ठीक वाटलं. फोटो पुढे गेले, माल पोचला आणि घेणाऱ्याने वाद घातला की दाखवला एक, पाठवला दुसरा. व्यापारी माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "माल हिरवा हाय ओ, तुमचा फोटो तांबडा हाय." चूक माझीच होती. तेव्हापासून कामाआधी ट्यूबलाइटचं बटण बंद करून त्यावर कागदी टेप चिकटवतो.

### ४आ. प्रकाश मऊ करणं

वस्तूच्या मानाने प्रकाशाचा पृष्ठभाग जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावली मऊ. आपल्या वस्तू लहान, म्हणजे ही गोष्ट आपल्या पथ्यावरच पडते. स्टेशनरीच्या दुकानातला ए-२ मापाचा ट्रेसिंग पेपर नथीच्या मानाने आभाळाएवढा आहे.

दिवा ट्रेसिंग पेपरला चिकटवून ठेवतात, ही सर्रास दिसणारी चूक. मग कागदावर फक्त दिव्याएवढा ठिपका उजळतो आणि प्रकाश कडकच राहतो. दिवा कागदापासून वीत-दीड वीत मागे घ्या, कागद वस्तूच्या जवळ आणा. सगळा कागद सारखा उजळला की थांबा.

तयार लाइट टेंटबद्दल (चारी बाजूंनी पांढऱ्या कापडाचा डबा) माझं मत फारसं चांगलं नाही. खडबडीत वस्तूंना तो चालतो. सोनं-चांदी त्यात प्लास्टिकसारखी दिसते, कारण चारी बाजूंनी पांढरं असलं की धातूला कड उरत नाही. घेतलाच असेल तर आत काळ्या कार्डशीटच्या बोटभर रुंद पट्ट्या उभ्या करून बघा.

### ४इ. वस्तूच्या जातीप्रमाणे मांडणी

इथे घाई करू नका. दिवे तेच, पण मांडणी वस्तूगणिक बदलते.

चकचकीत: नथ, चांदी, मोती. धातूचा फोटो म्हणजे धातूला जे दिसतंय त्याचा फोटो. मोत्यात खिडकी, दिवा, तुमचा शर्ट, सगळं उमटतं. म्हणून गडद करडा शर्ट घाला. ट्रेसिंग पेपरची नळकांडी करून नथीभोवती उभी करा, वरून कॅमेरा डोकावू द्या आणि दोन्ही दिवे नळकांडीच्या बाहेरून मारा. एक दिवा दुसऱ्यापेक्षा मंद ठेवा. दोन्ही सारखे झाले की मोती सपाट बटणासारखा दिसतो. मग नळकांडीच्या आतल्या बाजूने एक काळी पट्टी हळूहळू फिरवत न्या. सोन्याच्या तारेवर एका जागी अचानक गडद रेघ उमटते आणि तार गोल दिसायला लागते. पट्टी तिथेच चिकटवा.

पोलरायझिंग फिल्टर (चमक कापणारी, लेन्सपुढे लावायची काच) लावून धातूची चमक जात नाही, त्यावर पैसे घालण्याआधी हे लक्षात ठेवा. खडे, मीना, पॉलिश केलेलं लाकूड यांवर तो चालतो. धातूसाठी दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावावी लागते, आणि तेवढा खटाटोप दुकानदारी फोटोंना परवडत नाही.

आरपार उजेड जाणारी: बेदाणा, खडीसाखर, काचमणी. हिरव्या बेदाण्यावर समोरून प्रकाश मारला की तो मातकट दिसतो. त्याचा रंग आतून येतो, म्हणून उजेड मागून किंवा खालून द्या. दोन पुस्तकांवर काच, काचेखाली ट्रेसिंग पेपर, त्याखाली दिवा. खालचा दिवा जोरात, समोरचा अगदी मंद, फक्त सुरकुत्या दिसण्यापुरता. बेदाणे एकावर एक चढवू नका, एका थरात ठेवा. उरलेली काडी चिमट्याने काढा. बेदाण्यावर तेल किंवा ग्लिसरीन चोळून चमक आणू नका. नमुन्याचा फोटो आहे, लग्नाचा अल्बम नव्हे.

खडबडीत: हळकुंड, सुंठ, लाकूड. एकच दिवा, बाजूने, टेबलापासून थोडाच वर. समोरच्या बाजूला पांढरा थर्मोकोल. हळकुंडाच्या आडव्या गाठी आणि साल लगेच उठून येतात. एक हळकुंड मोडून त्याचा आतला नारिंगी भाग कॅमेऱ्याकडे करा, घेणारा तोच बघतो. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या घोडीचे फोटो काढताना हीच मांडणी कामी आली. जवारी लावलेल्या (तारेचा नाद खुलावा म्हणून माथा घासलेल्या) घोडीचा वरचा उतार इतका हलका असतो की समोरच्या प्रकाशात तो पाटासारखा सपाट दिसतो. दिवा घोडीच्या पातळीला आणून आडवा मारला तेव्हा तार कुठे टेकते आणि कुठे सुटते ते दिसलं.

उठाव असलेली: नाणी, मुद्रा. झिजलेल्या शिवराईवरचं (शिवकालीन तांब्याच्या नाण्यावरचं) 'श्री राजा शिव' वाचता यावं म्हणून दिवा नाण्याच्या पातळीपासून १५ ते २० अंशांवर आणा. प्रकाश डावीकडून वरून येऊ द्या. खालून आला की डोळा फसतो आणि उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात. चकचकीत नवं नाणं असेल तर उलट युक्ती करा. नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये स्वच्छ काच ४५ अंशात धरा आणि दिवा बाजूने त्या काचेवर मारा. प्रकाश काचेवरून सरळ खाली नाण्यावर पडतो आणि लेन्सला परत येताना दिसतो.

सावधान: जुनं नाणं फोटोसाठी चिंच, लिंबू, राख किंवा कुठल्याही पावडरीने घासू नका. वरचा थर निघाला की नाण्याची किंमत गेली. मऊ ब्रशने धूळ झटका, बास. दागिना मात्र मायक्रोफायबरने पुसा आणि नंतर चिमट्याने किंवा सुती हातमोज्यानेच उचला. ठसा डोळ्याला दिसत नाही, लेन्सला दिसतो.

तपासा: कॅमेरा बाजूला ठेवा आणि लेन्सच्या जागी एक डोळा आणून वस्तूकडे बघा. जे डोळ्याला खटकतंय ते आत्ताच दुरुस्त करा.

## ५. लेन्स: अंतर बघा, आकडा नंतर

आता माझी चूक सांगतो. पहिली मॅक्रो लेन्स मी ४० मिमीची घेतली. हलकी, स्वस्त, १:१ देणारी. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांवर रोखली, तेव्हा लेन्सचं तोंड मण्यांपासून जेमतेम तीन-चार सेंमीवर. प्रकाश यायचा कुठून? लेन्सचीच सावली वस्तूवर. महिनाभर मी दिव्यांना शिव्या दिल्या.

लेन्सच्या माहितीत किमान फोकस अंतर लिहिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून मोजतात. आपल्याला हवं लेन्सच्या तोंडापासून वस्तूपर्यंतचं अंतर. ९० ते १०५ मिमीच्या मॅक्रो लेन्समध्ये किमान अंतर ३० सेंमीच्या आसपास लिहिलेलं असतं, आणि १:१ वर तोंडापुढे त्यातले निम्मे किंवा त्याहून थोडे कमी उरतात. दिवा, ट्रेसिंग पेपर आणि चिमटा धरलेला हात, सगळं त्यात मावतं. म्हणून टेबलावरच्या कामासाठी मी ९० ते १०५ मिमीच सुचवतो. ६० मिमी जागा कमी असेल तर चालून जाते.

पैसे कमी असतील तर हे पर्याय, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

जुनी मॅन्युअल मॅक्रो लेन्स. निकॉनची ५५ मिमी मायक्रो-निक्कॉर १:२ पर्यंत जाते, आणि पहिल्या पायरीतला आकडा आठवा, आपल्याला तेवढंच लागतं. ॲडॉप्टर लावून मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर बसते. ऑटोफोकस नाही, पण टेबलावरच्या कामाला तो लागतही नाही. घेताना मागून टॉर्च मारून बुरशी बघा.

एक्स्टेन्शन ट्यूब. आत काच नसते, नुसती पोकळ नळी. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० मिमी लेन्सला २५ मिमी ट्यूब म्हणजे अर्धं मॅग्निफिकेशन वर मिळालं. विद्युत संपर्क असलेलीच ट्यूब घ्या, नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सवर ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बदलता येत नाही.

क्लोजअप फिल्टर. दोन काचा जोडून केलेला अॅक्रोमॅट असेल तर बरा. चार फिल्टरांचा स्वस्त संच घेतला तर त्यातला +१० वाला कडांना जांभळी झालर लावतो. तो डब्यातच राहू द्या.

मोबाइलला चिमट्याने लावायच्या भिंगांबद्दल काही लिहीत नाही.

## ६. कॅमेरा, शेवटी

बघायच्या गोष्टी चारच: रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढता येते का, पडदा वळतो का, मॅन्युअल फोकसमध्ये चित्र मोठं करून दिसतं का, आणि तुमची लेन्स त्यावर बसते का. फोकस ब्रॅकेटिंग (फोकस थोडा थोडा सरकवत आपोआप फोटो काढणं) असेल तर दुधात साखर. वापरलेला एपीएस-सी कॅमेरा घ्या आणि वाचलेले पैसे दिव्यात घाला. आपल्याकडे दुकानात प्रत्यक्ष लावून बघायला मिळेल ते थोडंच, म्हणून कोल्हापूर-पुण्याला जाल तेव्हा स्वतःची लेन्स आणि मेमरी कार्ड बरोबर न्या, चार फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघून मग ठरवा.

मोबाइलवरच भागवायचं असेल तर तेही होतं. फक्त मॅक्रो मोड टाळा. बऱ्याच फोनमध्ये तो वाइड कॅमेऱ्यावर चालतो, वस्तूला नाक लावून उभं राहावं लागतं आणि नथ मधे फुगते. फोन स्टँडवर लावा, थोडं लांब व्हा आणि २ किंवा ३ पट टेलिफोटोवर काढा. चौथ्या पायरीतला प्रकाश असेल तर असा फोटो भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

## ७. फोटो काढण्याचा क्रम

१. खोलीतले बाकीचे दिवे बंद, पंखा बंद, खिडकी झाका.

२. वस्तू पुसा, ब्लोअरने फुंका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा कण उडतो.

३. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाचा समतोल) स्वतः लावा. करडं कार्ड नसेल तर नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप एका पट्टीवर दहा-बारा थर गुंडाळा आणि ती टेप फोटोत तपशील हरवून निव्वळ पांढरी होणार नाही इतपत एक्स्पोजर ठेवून तिच्यावरून बॅलन्स घ्या. झेरॉक्सचा कागद वापरू नका. त्यात निळसर झाक देणारं रसायन असतं.

४. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). शटर जितकं येईल तितकं. कॅमेरा स्थिर आहे, १/१० सेकंदही चालेल.

५. ट्रायपॉडवर लेन्सचं स्थिरीकरण बंद. आरसा असलेला कॅमेरा असेल तर लाइव्ह व्ह्यू. दोन सेकंदांचा टायमर.

६. चित्र दहापट मोठं करा आणि हाताने फोकस करा.

७. एक फोटो काढा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे जास्त उजळ) बघा, तिन्ही रंगांचा वेगवेगळा.

सातवी पायरी हळदीसाठी जिवावरची आहे. साध्या हिस्टोग्रामवर सगळं ठीक दिसतं आणि लाल रंगाचा आलेख मात्र उजव्या भिंतीला टेकलेला असतो. तो टेकला की हळद पावडरीचे कण नाहीसे होतात आणि ताटात पिवळा ऑइलपेंट ओतल्यासारखं दिसतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) खाली घ्या, लाल आलेख भिंतीपासून सुटेपर्यंत. आणि हळद पावडर उघडी असलेल्या खोलीत लेन्स कधीही बदलू नका. ती सेन्सरवर बसली की पुढचे पंधरा दिवस प्रत्येक फोटोत पिवळा ठिपका.

नेहमीची चूक: "सगळं स्पष्ट यावं" म्हणून एफ/२२ लावणं. जवळून काढताना ॲपर्चर प्रत्यक्षात लिहिलेल्या आकड्यापेक्षा लहान होतं. १:१ वर एफ/१६ हे एफ/३२ सारखं वागतं, आणि मग विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच मऊ होतं. स्पष्टता हवी असेल तर पुढची पायरी.

## ८. फोकस स्टॅकिंग, लागलं तरच

फोकस स्टॅकिंग म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून काढलेले फोटो जोडून एक करणं. एपीएस-सी सेन्सरवर १:१ ला एफ/८ वर साधारण ०.६ मिमी एवढीच जाडी फोकसमध्ये असते. अर्ध्या मॅग्निफिकेशनला एफ/११ वर ती अडीच मिमीच्या थोडी वर जाते, पाव मॅग्निफिकेशनला नऊ मिमीच्या आसपास. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की कधी स्टॅक करायचं ते आपोआप कळतं. बेदाण्याच्या मुठीला नको. सपाट नाण्याला नको. पुढे-मागे १० मिमी खोल नथीला अर्ध्या मॅग्निफिकेशनवर सहा फोटो पुरतात, प्रत्येकाचा थोडा भाग आधीच्यावर येईल असे.

फोकस नेहमी पुढून मागे सरकवा, उलटसुलट नको. मधे प्रकाश, वस्तू, एक्स्पोजर, काहीही हलवायचं नाही. नंतर हे फोटो हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये जोडा. पैसे न घालता ह्युजिन या मोफत सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या एन्फ्यूजनेही होतं, थोडं किचकट पडतं एवढंच. जोडलेल्या फोटोत मोत्याच्या कडेला धूसर वलय दिसलं तर दोन फोटोंमध्ये अंतर जास्त पडलंय. सहाऐवजी दहा काढा.

सावधान: आधी एक फोटो काढून पूर्ण तपासा, मगच स्टॅक. धुळीचा एक कण राहिला तर तो सहाही फोटोंत असतो आणि जोडताना त्याची रेघ होते.

## ९. रंग जुळवणं आणि सामान सांभाळणं

फोटो संगणकावर उघडला की खरी वस्तू शेजारी ठेवा, त्याच दिव्याखाली. पडद्याचा उजेड मध्यम ठेवा, रात्रीचा पिवळा मोड बंद करा. फाइल देताना एसआरजीबी (पडद्यांसाठीची सर्वसाधारण रंगपद्धत). मोजून दिलेली नाणी किंवा खडे असतील तर एका फोटोत मिमीची पट्टी वस्तूशेजारी, वस्तूच्या वरच्या पातळीला धरून ठेवा. टेबलावर ठेवलेली पट्टी वस्तूपेक्षा लांब पडते, त्यामुळे माप फसतं. शेवटी ज्याचा माल आहे त्याला त्याच्याच फोनवर फोटो दाखवा आणि वस्तू त्याच्या हातात द्या. सराफ पडद्याकडे बघून सोन्याचा रंग बरोबर आहे म्हणाला की तुमचं काम संपलं. तो नुसता "छान आलाय" म्हणाला तर पुन्हा विचारा.

पावसाळ्यात सातारा, वाई, महाबळेश्वरकडच्या मंडळींनी लेन्स कातडी पिशवीत ठेवू नये, बुरशीला तीच आवडते. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहू द्या. निळ्या दाण्यांचं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत सुकवा. तो तवा पोळ्यांना वापरू नका. डब्यात ठेवण्याआधी प्रत्येक लेन्सला मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात काढा.